इनलेसाठी दात "उगाच जास्त कोरतात" हे अर्धवट खरं आहे

सध्या एक मेसेज फिरतोय, की इनले, म्हणजे किडलेल्या दातातला खड्डा भरणारा तयार तुकडा, बसवायचा म्हटलं की डेंटिस्ट चांगला दातही मुद्दाम कोरतात. मी रोज हेच काम करते म्हणून सांगते, थोडा जास्त दात जातो हे खरंय, पण त्याला कारण आहे. इनले बाहेर तयार होऊन एका तुकड्यात आत बसतो, म्हणजे खड्ड्याच्या भिंती वरच्या बाजूला किंचित उघडत जायला हव्यात, कुठे आत खाच राहिली तर तो अडकतो, बसतच नाही. चांदीच्या फिलिंगचं (अमाल्गम) बरोबर उलटं, ते मऊ असताना भरतात आणि त्या खाचेतच घट्ट धरून राहतं. इनले सिरॅमिकचा असेल तर साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडी लागते आणि आतले कोपरे गोल करावे लागतात, टोकदार कोपऱ्यावर ताण येऊन तडा जातो. आणि हो, प्रत्येक खाच कोरूनच काढायची असं अजिबात नाही, बऱ्याचदा ती कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या मटेरियलने, भरून घेतो, तेवढा दात वाचतो. कीड छोटी असेल तर मात्र साधं कॉम्पोझिट फिलिंगच बरं, तिथे इनले कशाला हे जरूर विचारा.