वारा एवढा धावतो, मग तापत का नाही?

श्रीवर्धनच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आमचा कट्टा भरतो. तिथे परवा जो वाद रंगला, त्याचे मूळ तांडेलकाकांच्या एका प्रश्नात होते. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मॅडम बोलता बोलता म्हणाल्या, की वायूचे तापमान म्हणजे त्याच्या रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे, म्हणजे हालचालीमुळे असणाऱ्या ऊर्जेचे, माप. काकांनी लगेच अडवले.

"मग ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने जी हवा आपल्या सुपारीच्या वाड्या मोडून गेली, तिने आपल्याला भाजून काढायला हवे होते. ती तर गार लागत होती."

प्रश्न अगदी रास्त होता. पाठ्यपुस्तकातले वाक्य घाईने वाचणाऱ्या प्रत्येकाला तो पडायला हवा, असे मला वाटते.

"काका, दिघीहून आगरदांड्याला निघालेल्या जंगलजेटीवर, म्हणजे माणसे-गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या बोटीवर, माणसे इकडेतिकडे फिरत असतात," मॅडम म्हणाल्या. "जेटी सगळ्यांना मिळून एका दिशेने नेते, ती गती वेगळी आणि माणसांची आपसातली धावपळ वेगळी. तापमान फक्त या दुसऱ्या, दिशाहीन धावपळीच्या ऊर्जेवरून ठरते. वारा ही पहिली गती झाली. शिवाय १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जेमतेम ३३ मीटर, आणि इथे आत्ता ३० अंशांच्या हवेत नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५२० मीटर वेगाने एकमेकांवर आदळत आहेत."

"म्हणजे तापमान हा रेणूंचा वेगच," निवृत्त गुरुजी समाधानाने म्हणाले.

मॅडमना हे मान्य नव्हते, आणि मला त्यांचेच म्हणणे पटले. आपल्या दमट हवेत नायट्रोजनबरोबर पाण्याची वाफही असते. तिचा रेणू हलका, वस्तुमान २८ ऐवजी १८, म्हणून त्याच तापमानाला तो सेकंदाला सुमारे ६५० मीटर वेगाने धावतो. वेग निराळे असले, तरी सततच्या टकरींतून ऊर्जेची देवाणघेवाण होऊन दोघांची सरासरी स्थानांतरणाची ऊर्जा, म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याच्या गतीची ऊर्जा, सारखीच राहते. रेणू स्वतःभोवती गिरक्याही घेतात आणि त्यांतही ऊर्जा साठते, पण तो हिशेब वेगळा ठेवावा लागतो. वायूचा दाब रेणूंच्या आदळण्यातून निर्माण होतो, हे गणितज्ञ डॅनिएल बर्नूलीने १७३८ मध्येच मांडले होते. सगळे रेणू एकाच वेगाने धावत नाहीत, त्यांच्या वेगांची एक ठरावीक वाटणी असते, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६० मध्ये गणिताने दाखवले.

"तर मग १५ अंशांवरून ३० अंशांवर गेलो, की ऊर्जा दुप्पट?" गुरुजींनी पुन्हा विचारले.

"नाही. ऊर्जा केल्विनमधल्या, म्हणजे आपल्या अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या, तापमानाच्या प्रमाणात असते. २८८ वरून ३०३, म्हणजे वाढ सुमारे ५ टक्के." ही वाढ इतकी थोडी आहे हे ऐकून कट्टा क्षणभर थबकला, आणि ते स्वाभाविकच होते, कारण आपल्या अंगाला हा फरक केवढा तरी मोठा वाटतो.

इतका वेळ गप्प असलेला गॅरेजवाला म्हणाला, "पण हातपंपाने हवा भरताना नळी तापते. तिथे वाऱ्यासारखेच मी हवेला एका दिशेने ढकलतो ना?"

"ढकलतोस, पण ती पुढे बंदिस्त असते. समोरून येणाऱ्या दट्ट्यावर आदळलेला रेणू आला त्याहून जास्त वेगाने परततो आणि ती जास्तीची ऊर्जा टकरींतून सगळ्यांत वाटली जाते. एका दिशेची गती दिशाहीन झाली, की तापमान वाढते."

काकांनी हा धागा सोडला नाही. "मग वादळाचा वारा भिंतीवर आपटून थांबला, तर तोही तापेल?"

"तापेल," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइलवर हिशेब मांडला. ताशी १२० किलोमीटरची हवा पूर्ण थांबली आणि तिची सगळी गतिज ऊर्जा उष्णतेत बदलली, तर ती जेमतेम अर्ध्या अंशाने तापते. ओल्या अंगावरचे पाणी उडवून तोच वारा आपल्याला त्याहून कितीतरी जास्त गार करतो. म्हणून त्या दिवशी काकांना तो अर्धा अंश जाणवणे शक्यच नव्हते.