पाच रुपयांसाठी

आज सकाळी नागपुरात पोह्याच्या गाडीवर एक माणूस मावशींवर ओरडला आणि मी हातात प्लेट धरून गप्प उभा राहिलो. तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहितोय. लांब होईल.

झालं एवढंच की तर्री पोह्याची (पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा) प्लेट पंचवीसची तीस झाली. मावशींनी पुठ्ठ्यावरच्या २५ वर काट मारून बाजूला ३० लिहिलं होतं. गाडीतून उतरलेल्या एका गृहस्थांनी चार प्लेट पार्सल घेतले, शंभरची नोट दिली आणि निघाले. मावशी म्हणाल्या, "भाऊ, वीस रुपये अजून. तीसची झाली प्लेट."

"काऊन झाली? कोणाला विचारून वाढवले? लुटून राहिले का लोकांना?" आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: "अतिक्रमणवाल्यांना फोन लावतो, मग समजते."

मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. नोट डब्यात टाकली आणि पुढच्याची प्लेट भरायला घेतली. वीस रुपये सोडले त्यांनी. भीतीने सोडले.

आता ऐका. कालच संध्याकाळी मी भाचीला घेऊन धरमपेठेतल्या एका कॅफेत गेलो होतो. दोन कोल्ड कॉफी, एक सँडविच, ६४० रुपये. बिल नीट पाहिलंही नाही. फोन पुढे केला, पैसे गेले, उठलो. मागच्या वेळेपेक्षा भाव वाढला होता का, मला सांगता येणार नाही. तिथे "कोणाला विचारून वाढवले" असं कोणी म्हणतं का? तुम्ही म्हटलंय कधी? मी नाही म्हटलं.

मी अठरा वर्षांचा असताना पुलगावहून नागपूरला शिकायला आलो. महाल भागात तिघांत एक खोली. महिन्याचे शेवटचे दिवस होते, घरून मनिऑर्डर यायची होती आणि आदल्या दिवशी दुपारनंतर पोटात काही नव्हतं. सकाळी चौकातल्या गाडीवर गेलो. फुल प्लेट परवडणार नव्हती म्हणून काकांना हाफ मागितली आणि खिशातल्या खिशात नाणी मोजत उभा राहिलो. काकांनी हाफ दिली. मी अर्धी खाल्ली असेन, तर न मागता एक पळी तर्री आली. मग दुसरी. तिसऱ्या पळीबरोबर त्यांनी एक आलुबोंडा कुस्करून प्लेटमध्ये टाकला, वरून मूठभर सांबार भुरभुरला. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) मी म्हणालो, काका, एवढे पैसे नाहीत. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "खा ना बाप्पा. पैसे कुठं पयून नाही चालले."

ती तिसरी पळी मी आजवर विसरलो नाही. आणि आज तशाच गाडीवर, तसंच काम करणाऱ्या बाईला कोणी वीस रुपयांसाठी दम देतो आणि मी पोहे चावत उभा राहतो.

एका प्लेटमागे काय असतं ते तरी बघा. हरभरा रात्री भिजतो. कांदा-खोबरं भाजून वाटायचं, मसाला परतायचा, रस्सा इतका उकळायचा की तेल वर येऊन लाल थर धरतं. तो थर म्हणजे तर्री. आमच्या नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची, जिला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, ती घरात असेल तर तो रंग मी काय सांगायचा. सकाळी सहाला गाडी लागायची तर बाई उठते कधी, याचा हिशेब तुम्हीच करा. आणि मे महिन्यात, नागपूर ४५ अंशांवर असताना, तिच्यासमोर शेगडी पेटलेली असते. तेल, कांदा, हरभरा, सिलिंडर, यातलं काय स्वस्त झालंय? मग तिने पाच रुपये वाढवले की ती लुटारू कशी?

आणि ती फोनची धमकी तर माझ्या भयंकर डोक्यात गेलीय. अरे, २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे या देशात! त्यात स्पष्ट लिहिलंय की आधी शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रं द्या, तोवर कोणाला उठवू नका. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले हवेत, आणि त्यांत एक-तृतीयांश बायका. हे गाडीवरच्या बाईला कोणी सांगत नाही. तिला फक्त अतिक्रमणवाल्यांची व्हॅन माहीत असते, आणि उचलून नेलेलं भांडं परत मिळत नाही एवढं माहीत असतं. गाडीतून उतरलेल्या माणसालाही तेवढंच माहीत असतं, म्हणून तर तो ते वाक्य बोलतो.

हो, माहीत आहे, कमेंटमध्ये स्वच्छता येणार. काही ठिकाणी एकाच बादलीत प्लेटा बुचकळतात, मी स्वतः तिथून परत फिरलोय. प्लेटवर घालतात ते प्लास्टिकही मला आवडत नाही. फुटपाथ अडतो, तेही खरं. मग त्यांना नळ द्या, जागा आखून द्या. दम कशाला देता?

कॅफेशी माझं वैर नाही. ती मुलंही दिवसभर राबतात, जागेचं भाडं असतं, वीज असते. सदर भागातलं इंडियन कॉफी हाऊस तर माझं जुनं ठिकाण. कॉफी बोर्डाने कॉफी हाऊस बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्यासोबत कामगारांनीच सहकारी संस्था उभ्या केल्या, हे मला तिथल्या डोशापेक्षाही आवडतं. पहिल्या नोकरीत मित्रांबरोबर एका कॉफीवर दोन-दोन तास बसायचो. तुऱ्याचा फेटा घातलेला वेटर कधी उठा म्हणाला नाही. स्वस्त खाण्याच्या जागी माणसाला बसू देतात, उभं राहू देतात, त्याच्या खिशाकडे बघत नाहीत. मला तरी हेच मिळत आलंय.

(मध्ये जेवायला उठलो होतो. आता राग थोडा उतरलाय.)

ज्यांनी अजून तर्री पोहे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुण्याचे दोन मित्र दर वेळी विचारतात, "मिसळीसारखंच ना?" नाही. पाव नाही इथे. परातीतले गरम, सैल पोहे प्लेटमध्ये पडतात, मधे पळीने खळगा होतो, त्यात हरभऱ्यासकट तर्री ओततात. कडेचे पोहे कोरडे पिवळे राहतात आणि मधले लाल होत जातात. वर कच्चा कांदा, सांबार, लिंबू. पहिले दोन घास कडेचे घ्या, मग आत शिरा. तिखटाने नाक वाहायला लागलं की कोरडे पोहे मागायचे, ते संपले की तर्री मागायची, आणि हे असं चालू राहतं. थंडीत आलात तर सांबारवडीही खा, गरम, तेलातून काढल्याबरोबर. कस्तुरचंद पार्कजवळ जा, नाहीतर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जी गाडी असेल तिथेच जा. गुण देऊ नका, कॅमेरा तोंडापुढे धरू नका. खा आणि चांगलं झालं असेल तर तसं म्हणा.

पहिला पगार झाला तेव्हा मी महालातल्या काकांकडे गेलो होतो. जुने पैसे द्यायचे म्हटल्यावर त्यांना काही आठवेना. "कायचे पैसे?" म्हणाले आणि प्लेट भरायला लागले. माझी तिसरी पळी त्यांच्या लेखी रोजचीच होती, रोज कोणाला ना कोणाला मिळत असणार. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ती गाडी आता तिथे नाही.

दुपारी मावशींच्या गाडीकडे परत गेलो. परात धुऊन पालथी घातली होती, त्या निघायच्या तयारीत होत्या. मी वीस रुपये पुढे केले, सकाळच्या त्या साहेबांचे म्हणून. घेतले नाहीत. "तुमचे कायचे? तुम्ही तं तीसच दिले नं," म्हणाल्या. मग मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी आधी दचकून बघितलं, कोणत्या ऑफिसचा आहे का म्हणून, आणि मग सांगितलं.

उद्या रविवार आहे, सात वाजता मी तिथेच असेन. येणार असाल तर सुटे आणा, तीसच्या हिशेबाने.