राहू दे अजून दोन दिवस, मोठी होईल!

उन्हाळ्यात घरच्या बागेत भाजी लावणारे आपण सगळे एका गोष्टीत सारखेच. पहिलं फूल आलं की फोटो, पहिलं फळ धरलं की फोटो. आणि तोडायची वेळ आली की हात आखडतो. "राहू दे अजून दोन दिवस, मोठी होईल." स्पष्टच लिहिते, हा लोभ आहे आणि तो नडतो.

मला पहिल्याच वर्षी भेंडीने धडा दिला. फूल उमलल्यापासून ४ ते ६ दिवसांत भेंडी तोडायला येते. मी बोटाएवढ्या भेंड्या झाडावर ठेवून तीन दिवस बाहेर गेले. परत येऊन बघते तर वीतभर लांब आणि इतक्या जून की सुरी चालेना. बरं, नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. झाडाचा सगळा आटापिटा बी धरण्यासाठी असतो. बी तयार व्हायला लागलं की ताकद तिकडे जाते आणि नवी फुलं कमी येतात. काकडीचंही तेच. वेलावर एक काकडी पिवळी होऊन लोंबत राहिली की मागून आलेल्या कोवळ्या काकड्या तिथेच सुकतात. म्हणून भेंडी, काकडी, गवार एक दिवसाआड तोडायचीच. घरात संपत नसेल तर शेजारी द्या, पण तोडा.

टोमॅटोच्या बाबतीत तर आपला वेगळाच हट्ट असतो. झाडावरच लालबुंद व्हायला हवा म्हणे! पण ३० अंशांच्या वर सतत ऊन असलं की टोमॅटोतला लाल रंग नीट तयारच होत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं. शिवाय तोवर पक्षी येऊन टोचा मारून जातात, नाहीतर फळ तडकतं. मी खालच्या टोकाला गुलाबी झाक दिसली की तोडते आणि घरात सावलीत ठेवते. चार-सहा दिवसांत छान पिकतो. पिकेपर्यंत फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, वास आणि चव दोन्ही जातात. आणि पारा ३५ च्या पुढे गेल्यावर फुलं गळायला लागली तर खताचा मारा करू नका. त्या उष्णतेत परागकणच निकामी होतात, खत काय करणार?

एका बाबतीत मात्र गंमत नाही. दुधी चिरला की आधी कच्चा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. "घरचाच आहे, विषारी कसा असेल?" असं मला एकदा ऐकवण्यात आलं होतं. घरचा असला तरी कडू दुधीने उलट्या, जुलाब होतात, माणूस गंभीर आजारी पडू शकतो. शिजवूनही तो कडूपणा जात नाही.

तोडणी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. रात्रभरात भाजी पाणी धरून कडक झालेली असते. भेंडीला पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाहीतर दिवसभर हात खाजतात. आणि देठ कात्रीने कापा, ओढू नका. ओढताना मी एकदा आख्खी फांदी हातात आणली आहे.

एवढं सगळं सांगतेय खरी, पण परवा पानाआड दडलेली एक काकडी सापडली. हातभर लांब, पिवळीधमक. बियाण्यासाठी मुद्दाम ठेवली होती, असं घरी सांगितलंय. वाण संकरित आहे, त्याच्या बियांपासून तशीच काकडी येईल याचा भरवसा नसतो, हे त्यांना कुठे माहीत!