अळीच्या भुकटीचे मत्स्यखाद्य : एका अभिप्रायास उत्तर

महोदय,

आमच्या तिलापियाच्या खाद्याला एकच तारा देताना आपण तीन आक्षेप नोंदवले आहेत: खाद्यात घाणीत वाढलेल्या अळ्या दळून घातल्या जातात, डिसेंबरात ते सुरू केल्यापासून शेततळ्यातले मासे नीट खात नाहीत, आणि फिशमील, म्हणजे तारलीसारखी मासळी सुकवून केलेली भुकटी, कमी करूनही गोणीचा भाव उतरलेला नाही.

आम्ही वापरतो ती अळी काळ्या सैनिक माशीची, म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लायची आहे. ही माशी चावत नाही आणि घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. अळ्यांना आम्ही भाजीपाला, फळांचा चोथा आणि गव्हाचा कोंडा एवढेच देतो. शेण किंवा हॉटेलातले खरकटे कटाक्षाने टाळतो, कारण अळीच्या खाद्यात कॅडमियमसारखा जड धातू असेल तर तो तिच्या अंगात साठतो. युरोपीय संघाने 2017 मध्ये मत्स्यखाद्यासाठी कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली, तीही अळ्यांना शेण व खरकटे न देण्याच्या अटीवरच. शिवाय तिलापिया तळ्यात डासांच्या अळ्या स्वतःहून टिपतो. किळस आपल्याला येते, त्याला नाही.

तरीही ही भुकटी म्हणजे जादू नव्हे. तेल काढल्यावर तिच्यात साधारण 50 ते 60 टक्के प्रथिने असतात, पण मेथिओनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, चांगल्या फिशमीलपेक्षा कमी पडते आणि अळीच्या कवचातले कायटिन माशाला फारसे पचत नाही. म्हणूनच आम्ही फिशमीलचा केवळ एक तृतीयांश भाग बदलला, मेथिओनिन वेगळे मिसळले आणि हे सारे गोणीवर छापले.

मासे खात नाहीत, या तक्रारीबाबत आधी पाण्याचे तापमान पाहावे, अशी विनंती आहे. पाणी 20 अंशांच्या खाली गेले की तिलापियाची भूक झपाट्याने मंदावते, आणि उथळ शेततळे थंडीत पहाटे सहज तेवढे गार होते. अशा दिवसांत खाद्य दुपारी, ऊन चढल्यावर आणि निम्म्याने द्यावे. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते व पाण्यातला प्राणवायू कमी करते. त्या स्थितीत कोणत्याही कंपनीची गोणी वाईटच ठरेल.

भावाबद्दल आपले निरीक्षण बरोबर आहे. अळ्या सुकवायला आणि तेल काढायला वीज लागते, त्यामुळे ही भुकटी आज फिशमीलपेक्षा स्वस्त पडत नाही, आणि स्वस्ताईचे आश्वासन आम्ही दिलेलेही नाही. आमचा हेतू वेगळा आहे: पश्चिम किनाऱ्यावर तारलीची आवक एका वर्षी भरघोस तर दुसऱ्या वर्षी तुटपुंजी असते, आणि फिशमीलचा भाव तिच्यामागे धावतो, त्या चढउतारावरचे अवलंबन आम्हाला कमी करायचे आहे.

न उघडलेल्या गोण्या विक्रेत्याकडे परत करून पूर्ण रक्कम घ्यावी. खाद्य चालूच ठेवणार असाल, तर सकाळ-दुपारचे तापमान आणि जाळे टाकून तपासलेल्या वीस माशांचे सरासरी वजन आम्हाला कळवावे, म्हणजे आमचे तंत्रज्ञ रोजचे प्रमाण ठरवून देतील.

आपला नम्र,
संचालक