क्रोएशियन म्हणजे रोमन लिपीतली सर्बियन? नाही हो

भाषांच्या गमतीजमती सांगणारा एक मजकूर बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्रोएशियन आणि सर्बियन ही एकच भाषा, फरक फक्त लिपीचा. १९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा राजकारण्यांनी ‘क्रोएशियन’ उभी केली. आणि क्रोएशियातल्या बोली म्हणाल तर ‘काय’ या एका शब्दापुरत्या वेगळ्या. यातलं काहीच खरं नाही असं नाही. म्हणून तर तो पटकन पटतो.

लिपीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. सर्बियात सिरिलिक आणि रोमन दोन्ही लिप्या सर्रास चालतात, राजधानी बेलग्रेडमध्ये रोमन पाट्या पदोपदी दिसतात. आणि क्रोएशियातलं जुनं लिखाण नुसतं रोमन नाही. क्र्क बेटावरचा बाश्काचा शिलालेख साधारण इ.स. ११०० चा, तोही ग्लागोलिती या जुन्या स्लाव्ह लिपीत.

आता १९९१. स्प्लिटचा कवी मार्को मारुलिच याचं ‘युदिता’ हे काव्य १५२१ साली व्हेनिसला छापलं गेलं. ते ‘क्रोएशियन पद्यात रचलेलं’ आहे, असं त्याच्या लांबलचक शीर्षकातच म्हटलंय. १६०४ साली रोममध्ये बार्तोल काशिच याचं व्याकरण निघालं (त्यानं भाषेला नाव दिलं ‘इलिरियन’, नावांचा गोंधळ तेव्हाही होताच). अगदी युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा टिटो याच्या काळात, १९६७ साली, क्रोएशियाची राजधानी झाग्रेब इथल्या विद्वानांनी आणि संस्थांनी क्रोएशियन भाषेच्या नावासाठी आणि दर्जासाठी जाहीरनामा काढला आणि सरकारी रोष ओढवून घेतला. १९९१ च्या आधीची ही सगळी मंडळी मग कशाबद्दल बोलत होती?

मजकुरातला खरा भाग प्रमाणभाषेचा. क्रोएट पत्रकार लुदेव्हित गाय यानं १८३५ साली झाग्रेबमध्ये वर्तमानपत्र काढलं ते बहुतांशी स्थानिक कायकावियन बोलीत. पुढच्याच वर्षी त्यानं ती सोडून क्रोएट आणि सर्ब दोघांकडेही असलेली श्तोकावियन बोली धरली (ही नावं कशी पडली ते पुढे येतंच), कारण त्याला क्रोएट, सर्ब वगैरे सगळे दक्षिण स्लाव्ह एका लिखित भाषेखाली आणायचे होते. १८५० साली व्हिएन्नात क्रोएट आणि सर्ब लेखक-अभ्यासकांनी मिळून हाच पाया मान्य केला. आजच्या दोन्ही प्रमाणभाषा त्याच श्तोकावियनवर उभ्या आहेत. म्हणून झाग्रेबचा आणि बेलग्रेडचा बातमीदार एकमेकांना आरामात समजतात. पण दोन प्रमाणभाषा जवळच्या आहेत म्हणजे क्रोएशियातला माणूस घरी काय बोलतो ते कळलं, असं होत नाही.

तिसरा मुद्दा बोलींचा, आणि मजकूर सगळ्यात जास्त घसरतो तो इथे. ‘काय’ला कुठे श्तो, कुठे चा आणि झाग्रेबच्या परिसरात चक्क ‘काय’ म्हणतात. त्यावरून श्तोकावियन, चाकावियन, कायकावियन ही नावं पडली. (यावरून मराठीशी नातं जुळवणारा नवा फॉरवर्ड कृपया कुणी काढू नये.) पण ही नावं निव्वळ पाट्या आहेत. स्लोव्हेनियाच्या सीमेवरच्या सुतला नदीच्या खालच्या भागातले लोक ‘काय’ म्हणतात. त्यांची बोली मात्र मुळात चाकावियन: ओटोमन स्वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडून आलेल्यांची. काही किनारी गावांत तर ‘चा’चाही ‘त्सा’ होतो, आपल्या ‘चमचा’तल्या च सारखा.

खरा फरक स्वरांत आणि व्याकरणात आहे. जुन्या स्लाव्ह भाषेत ‘यात’ नावाचा एक स्वर होता. त्याचं पुढे काय झालं, यावर बोली ओळखतात. दूध प्रमाण क्रोएशियनमध्ये म्लियेको, पूर्वेकडच्या स्लावोनियाच्या बऱ्याच भागात आणि किनाऱ्यावरच्या दाल्मेशियात म्लिको, कायकावियन पट्ट्यात म्लेको. बेलग्रेडमध्येही म्लेकोच! म्हणजे ‘म्लेको म्हणणारा तो सर्ब’ हे गणित झाग्रेबच्या वेशीवरच कोलमडतं. मधल्या चाकावियन पट्ट्यात आणखी मजा: एकच माणूस दुधाला म्लिको म्हणतो आणि उन्हाळ्याला लेतो. ही लहर नव्हे, नियम आहे. पुढे त, द, न, ल यांसारखं दंत्य व्यंजन आणि त्यानंतर आ, ओ, उ आला तर ए, एरवी इ. याकुबिन्स्की आणि मायर या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात तो शोधला.

क्रियापदं घ्या. ‘मी काय करीन?’ हे प्रमाणभाषेत ‘श्तो चु रादिती?’, तर झाग्रेबच्या गल्लीत ‘काय बुम देलाल?’. शब्दच नव्हे, भविष्यकाळाची बांधणीच वेगळी, आणि ती शेजारच्या स्लोव्हेनियनशी जुळणारी. स्वयंपाकघरात टोमॅटो प्रमाणभाषेत रायचित्सा, झाग्रेबमध्ये जर्मनकडून आलेला पारादायझ, दाल्मेशियात इटालियन वळणाचा पोमिदोर. याला एका शब्दाचा फरक म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि या बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषाही नव्हे. चाकावियन गावांनी शब्दांवरचा जुना सुराघात असा जपलाय की प्राचीन स्लाव्ह उच्चार शोधणाऱ्यांना तिकडे जावंच लागतं. नोव्ही विनोदोल्स्की या किनाऱ्यावरच्या गावाच्या बोलीचं १९०९ साली प्रसिद्ध झालेलं वर्णन आजही त्यासाठी उघडलं जातं. लिहिणारा अलेक्सांदर बेलिच, बेलग्रेडचा सर्ब भाषाशास्त्रज्ञ.

हे वाचून दुसऱ्या टोकाच्या मंडळींनीही खूश होऊ नये. ‘आमच्याकडे चाकावियन-कायकावियन आहेत, म्हणून आमची प्रमाणभाषा सर्बियनहून निराळी’ हा युक्तिवादही लंगडा, कारण ती प्रमाणभाषा या दोन्हींवर बेतलेलीच नाही. क्रोएशियातल्या बऱ्याच सर्बांची बोली बेलग्रेडपेक्षा दुब्रोव्हनिक या क्रोएशियन शहराच्या बोलीला जवळची आहे. आणि म्लिको म्हणणारे श्तोकावियन क्रोएट आहेत तसे बोस्नियातले मुसलमानही आहेत.