जादा तास बंद पडलाय आणि तुम्ही शिक्षकांचा पगार मोजताय

आज दुपारी आमच्या गावच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "मास्तरांची मजा आहे राव. सुट्ट्याच सुट्ट्या आणि पगार बघा." खाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणाऱ्यांतले कितीतरी जण आमच्याच हायस्कूलमधून शिकून बाहेर पडलेले. आणि त्याच्या थोडंच आधी ताईचा फोन येऊन गेला होता. भाच्याच्या शाळेतला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास बंद झालाय. तो तास घेणारे सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी आहेत, यादीचे कागद घेऊन दारोदार फिरताहेत. मुलं शाळा सुटल्यावर वर्गात थांबतात, वाट बघतात आणि घरी जातात.

माझं डोकंच फिरलं. ग्रुपवर भांडले नाही. इथे आपल्या शाळेच्या बॅचसाठी लिहितेय, कारण तुम्हाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

एनएमएमएस म्हणजे आठवीतल्या मुलांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. 2008 पासूनची योजना आहे. बौद्धिक क्षमतेचे 90 प्रश्न, शालेय विषयांचे 90. यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. महाराष्ट्राचा कोटा 11,682 मुलांचा. अट अशी की पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतलं हवं. म्हणजे ज्या शाळांना आपण नाकं मुरडतो, नेमक्या त्याच शाळांतल्या मुलांसाठी ही परीक्षा आहे. तालुक्याच्या गावात तिच्यासाठी कुणी क्लास काढत नाही. फी कोण देणार? सगळी तयारी शाळेतल्या एखाद्या शिक्षकाच्या जिवावर असते. तो एक माणूस उचलला की संपलं.

मी आठवीत होते तेव्हा योजना नवी होती. महिन्याला 500 रुपये मिळायचे. आम्हाला कुणाला तिचं नावही माहीत नव्हतं. आमच्या गणिताच्या बाईंनी स्वतःच मुलं निवडली, स्वतःच फॉर्म आणले. त्या दुसऱ्या गावाहून एसटीने यायच्या. जादा तासासाठी पहाटेची गाडी धरायच्या आणि शाळा उघडायच्या आत दारात हजर. शिपाईकाका किल्ली घेऊन मागून यायचे. आरशातली प्रतिमा हा प्रकार आम्हाला काही केल्या कळेना, तर बाईंनी घरचा आरसा पिशवीत घालून आणला. फळ्यावर आकृती काढायची, आरसा आडवा धरायचा आणि म्हणायचं, "आता बघ, डावा हात कुठे गेला?" दिवाळीच्या सुट्टीतही तास चालू होते. याचे पैसे त्यांना कुणी दिले नाहीत, आणि आम्हीही द्यायचा विचार केला नाही.

हे आठवतंय म्हणूनच त्या अंगठ्यांचा एवढा राग येतोय.

हो, काही शिक्षक वर्गावर जात नाहीत, प्लॉटचे व्यवहार करतात, हे मलाही ठाऊक आहे. असतील. पण अंगठे देणाऱ्यांनो, तुम्ही त्यांच्यावर बोलत नाही, तुम्ही सरसकट बोलता. माध्यमिक शाळेत नव्याने लागणारा माणूस पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक असतो आणि त्याला महिन्याला 18,000 मिळतात. 2023 च्या आधी 8,000 होते. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांचं तर विचारूच नका, टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या सरकारी अनुदानासाठी त्यांना आझाद मैदानात जाऊन बसावं लागतं. हे कुठले लाख मोजताय तुम्ही?

आणि सुट्ट्या! कधी एक दिवस स्टाफरूममध्ये जाऊन बसा. यू-डायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीची माहिती भरा, आधार जुळत नाही म्हणून पालकांना फोन करा, आहाराचा हिशोब ठेवा, फोटो अपलोड करा, लिंक भरली का म्हणून वरून दहा वेळा विचारणा. पटसंख्या कमी झाली की संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि उरलेल्यांनी त्याचेही तास घ्यायचे. विज्ञानाच्या माणसाने भूगोल शिकवायचा. त्यात दहावीचा निकाल घसरला तर जाब त्यालाच.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये लिहिलंय की शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं त्यातून वगळली आहेत, हे मान्य. म्हणजे बीएलओचं काम कायद्याबाहेरचं आहे असं मी म्हणत नाही. पण भर शाळेच्या वेळात, परीक्षा तोंडावर असलेल्या वर्गाचा शिक्षक काढून नेणं कुठल्या शहाणपणात बसतं? 2011 नंतर रखडलेली जनगणना आता 2027 ची म्हणून होतेय. तिथेही आधी कुणाला हाक मारतील, ते सांगायला नको.

5 सप्टेंबरला हेच लोक गुरूचे फोटो टाकतील. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मंगळसूत्र विकलं, हे आपण शाळेत पाठ केलंय. मग आज कुणी विचारत का नाही की त्या पोरांचा आजचा शिक्षक वर्गात का नाही?

जरा थांबून परत लिहायला बसलेय.

फॉर्मला उत्पन्नाचा दाखला लागायचा. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. एक दिवस कचेरीत घालवायचा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. ते म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पण ही परीक्षा आठवीतच असते, पुढचं वर्ष नसतंच. बाई मधल्या सुट्टीत यार्डात आल्या. पोत्यांच्या थप्पीपाशी उभं राहून त्यांनी आण्णांना सगळं नीट सांगितलं, अर्ज स्वतः लिहिला आणि सही तेवढी घेतली. तलाठ्याकडे, तहसील कचेरीत त्याच गेल्या. यादीत नाव आल्यावर बँकेत खातं उघडताना तिथला माणूस लहान मुलीचं खातं नको म्हणत टोलवत राहिला. तेव्हाही बाई काउंटरपासून हलल्या नाहीत. हप्ते उशिरा यायचे. मी दहावीत गेले, त्या आम्हाला शिकवायलाही नव्हत्या, तरी व्हरांड्यात दिसले की विचारायच्या, "आला का गं हप्ता?" त्या पैशांतून मी दहावीची पुस्तकं घेतली, अकरावीला एसटीचा पास काढला. आण्णा आजही बाईंचं नाव निघालं की उठून बसतात.

बाईंना हे सगळं करायला वेळ होता, कारण त्यांची मधली सुट्टी त्यांचीच होती. भाच्याच्या सरांना मी ओळखत नाही. पण ताई सांगते की रात्री नऊला ते मुलांना फोनवर प्रश्न पाठवतात आणि दिवसभर याद्या तपासून झाल्यावर उत्तरं बघत बसतात. हा माणूस काम टाळणारा नाही.

म्हणून मी तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिलाय. मागणी एवढीच, की आठवी-दहावीला शिकवणाऱ्यांना परीक्षेपर्यंत या कामातून मोकळं करा, नाहीतर निदान शाळेच्या वेळात पाठवू नका. ताई आठवीच्या पालकांच्या सह्या घेतेय. शनिवारी मी गावी येतेय, तेव्हा मुख्याध्यापकांनाही भेटणार आहे. त्यांची परवानगी मिळाली तर सर मोकळे होईपर्यंत दर शनिवारी बौद्धिक क्षमतेचा तास मी घेईन. आपल्या बॅचमधलं कुणी शालेय विषयांसाठी येणार असेल तर आजच मेसेज करा, विज्ञानाला माणूस हवाच आहे. आणि ग्रुपवर अंगठा देणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत, त्यांनी रविवारी सकाळी ताईकडे येऊन सही करून जा.