पिठलं, खार आणि माझी पेटी

पहाटे पाच चाळीसला माझ्या टाचेला एक ओलं, गार नाक लागतं. पांघरुणाबाहेर चुकून राहिलेली तेवढीच टाच त्याला अंधारात बरोब्बर सापडते. मी पाय आत ओढते. मग नाक पण आत येतं. मग मी उठते, कारण गेल्या दोन वर्षांत या वाटाघाटीत मी एकदाही जिंकलेले नाही.

नाकाच्या मालकाचं नाव पिठलं. लेकीने रस्त्यावरून उचलून आणलं तेव्हा ओंजळीत मावत होतं, रंग अगदी पातळ पिठल्याचा आणि पाठीवर करपलेल्या फोडणीसारखे काळे ठिपके, मग दुसरं काय नाव ठेवणार. आणलं तिने, आणि सहा महिन्यांत ती गेली नोकरीला बंगळुरूला. आता व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं पिठल्याशी बोलते आणि माझ्याशी "आई, त्याचं डीवर्मिंग केलंस ना?" एवढंच. नावामुळे व्याकरणाची मात्र पार वाट लागली. कुत्रा आहे नर, पण पिठलं म्हटलं की पिठलं आलं, पिठलं भुंकलं, पिठलं सोफ्यावर सांडलं. नसबंदी झाल्यापासून व्याकरणही बरोबर झालं असं नवरा म्हणतो, पण तो काहीही म्हणतो. मी रात्री साडेदहाला गेटवर जाऊन वॉचमनला "पिठलं दिसलं का हो?" असं विचारते तेव्हा नवीन भाडेकरू ज्या नजरेने बघतात ती मी आता अंगाला लावून घेत नाही.

तर फिरणं. आमच्या बिल्डिंगपासून कॅनॉल रोडच्या टोकापर्यंत एक किलोमीटर पण नसेल, त्याला आम्हाला पन्नास मिनिटं लागतात. कारण प्रत्येक खांब, प्रत्येक टायर आणि प्रत्येक दगड वाचायचा असतो. कुत्र्याच्या नाकात वास पकडणारे रिसेप्टर जातीप्रमाणे 10 ते 30 कोटी असतात म्हणे आणि आपल्या नाकात 50-60 लाख, त्यातले माझे निम्मे सर्दीने कायमचे बंद. त्यामुळे एका साध्या विटेपाशी हे महाराज चार मिनिटं तल्लीन होऊन उभे असतात तेव्हा मला वीट येतो आणि त्याला विटेत काय काय दिसत असतं देव जाणे. तेवढ्यात जॉगिंगवाले काका लांबूनच ओरडतात, "चावतं का हो?" मी रोज सांगते नाही चावत, ते रोज विचारतात. आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा तर मी पिशवीत शी उचलतेय की नाही हे बघायला चहाचा कप घेऊन गॅलरीत उभेच असतात. मी पिशवीला गाठ मारून जरा वर धरून त्यांना दाखवते, मगच ते आत जातात. एकदा ते गावाला गेले होते तर मला चुकल्यासारखं झालं.

पण हा सगळा खटाटोप शेवटच्या दोन मिनिटांसाठी असतो. गेटजवळ देशी बदामाचं झाड आहे, आणि त्या झाडावर एक खार आहे.

झाड दिसायला लागलं की पिठलं आधी थांबतं. एक पाय उचललेला, शेपूट ताठ, श्वास बंद. खार खाली फरशीवर बसून बदाम कुरतडत असते, तिला सगळं माहीत असतं. मग पट्टा माझ्या हातातून सटकन जातो, तळहाताचं सालपट निघतं, पिठलं सुसाट, खार खोडावर, आणि पिठलं खोडाला पुढचे दोन पाय लावून वर बघत भुंकतं. खार बरोबर त्याच्या उडीच्या चार इंच वर थांबून शेपूट झटकत चिर्र चिर्र करते. (माझी खात्री आहे ती शिव्या देते.) मग पिठलं माझ्याकडे वळून बघतं, जीभ बाहेर, कान मागे, असं खूश की जणू काही खार आत्ता त्याच्या खिशात आहे. संध्याकाळी परत हेच.

नवरा अकाउंट्सवाला. त्याने एकदा हिशोब केला. रोज दोनदा, दोन वर्षं, म्हणजे 1460 प्रयत्न, पकडलेल्या खारी शून्य. "सक्सेस रेट शून्य टक्के, आणि तोंडावर बघ कसा वर्ल्ड कप जिंकल्यासारखा आनंद," तो म्हणाला. मला त्या वाक्याचा राग का आला ते मला तेव्हा कळलं नाही.

दुपारी जेवून पिठलं डायनिंग टेबलखाली आडवं होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याचे चारही पाय झोपेत पळायला लागतात. मिशा थरथरतात, बंद तोंडातून "बुफ... बुफ" असं येतं. मी वाचलं, कुत्र्यांनाही आपल्यासारखीच आरईएम झोप, म्हणजे स्वप्नं पडतात ती झोप असते. 2001 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या लोकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा घालून बघितलं, तर दिवसा ज्या ट्रॅकवर उंदीर पळाले होते तोच ट्रॅक मेंदू झोपेत परत गिरवत होता. उंदीर गिरवतो तर पिठल्याने काय घोडं मारलंय. म्हणजे दोन शिफ्ट प्रत्यक्षात आणि एक झोपेत. मला या वयात अजून बारावीच्या गणिताच्या पेपरला उशीर झाल्याचं स्वप्न पडतं, त्यात पण रिक्षा मिळत नाही.

आता पेटीचं सांगायला हवं. 2012 च्या दिवाळीत बोनसमधून मी पेटी घेतली. डबल रीड, खर्ज-नर, सूर पालिताण्याचे, हे दुकानदाराने तीनदा सांगितलं आणि मी आल्यागेल्याला तीसदा. लहानपणी देवळात भजनाला पेटीवाल्या बुवांच्या बोटांकडे बघत बसायचे मी, प्रसाद विसरून, तेव्हापासूनचं होतं डोक्यात. चार महिने क्लासला गेले, अलंकार झाले, भूप राग आला, म्हणजे येतोय असं वाटलं. मग लेकीची शाळा बदलली, मग सासऱ्यांचा गुडघा, मग तिची दहावी, मग लॉकडाऊन ज्यात म्हणे सगळ्यांना वेळच वेळ होता, माझा भांडी घासण्यात गेला, मग तिची कॉलेजं, मग माझी पाठ. पेटी दिवाणाखाली गेली, तिच्यावर जुनी चादर, चादरीवर फराळाचे मोठे डबे. आकाशवाणीने पण 1940 साली पेटीवर बंदी घातली होती, ती 1971 पर्यंत टिकली. पण त्यांच्याकडे निदान कारण होतं, पेटीतून मींड निघत नाही म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती मिळत नाहीत वगैरे. आमच्या दिवाणाखालच्या बंदीला तेरावं वर्ष लागलं आणि कारण विचाराल तर फराळाचे डबे कुठे ठेवू.

श्रावणात एका सकाळी भुरभुर पाऊस होता, सगळं निसरडं. नेहमीप्रमाणे पिठलं सुटलं, खार खोडावर चढली, आणि वरून शिव्या द्यायला म्हणून वळली तो पाय सरकून टपकन खाली. थेट पिठल्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधे. खरंच सांगते, तिघेही थिजलो. खार पोट टेकून बसलेली, तिच्या पाठीवरचे रामाच्या बोटांचे तीन पट्टे भिजून चिकटलेले, पोट धडधड धडधड. पिठल्याने हळूच मान खाली घातली. मी डोळे मिटणार तेवढ्यात बघते तर त्याने तिला फक्त हुंगलं. एकदा. मग शिंकलं. आणि मग चक्क खाली बसलं आणि माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता पुढे काय करतात?

खार भानावर आली आणि सुटली, सरळ वर. आणि ती वर पोचली मात्र, पिठलं ताडकन उठून खोडाला पाय लावून नेहमीसारखं जीव तोडून भुंकायला लागलं. तोच आनंद, तेच कान मागे. वॉचमन म्हणाला, "मॅडम, येडं हाय का हे?"

घरी आलो तर याचा बॉल दिवाणाखाली गेला. पिठलं कुईकुई करत आत घुसलं, अर्धं आत अर्धं बाहेर, आणि त्याच्या पट्ट्यात अडकून चादर आली, चादरीबरोबर एक डबा आला, आणि अख्ख्या हॉलमधे गेल्या दिवाळीचे शंकरपाळे. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते, माझ्या हातात केरसुणी होती. शंकरपाळे कुत्र्याने आणि मी मिळून आवरले, त्याने तोंडाने, मी केरसुणीने, त्याचा वेग जास्त होता. आणि मग दिवाणाखाली नुसती पेटीच राहिली. आता तिच्यावर काहीच नव्हतं, म्हणजे कारण पण नव्हतं.

बाहेर ओढली. पुसली. भाता जरा कुरकुरला पण हवा धरली. पण पावसाच्या दमटपणाने लाकूड फुगलेलं, त्यामुळे गंधाराची पट्टी दाबली की खालीच रुतून बसायची, आणि भाता चालू असेपर्यंत गंधार नुसता ऊंऽऽऽ करून रडत राहायचा. मी नखाने पट्टी उचलायची, पुढे जायचं, परत गंधार आला की परत ऊंऽऽऽ. भूपात गंधार वादी, म्हणजे सगळ्यात मुख्य सूर, त्याला टाळून जाणार कुठे? पिठलं दारात बसून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे मान कलती करून ऐकत होतं, मग उठून गॅलरीत निघून गेलं. रसिक आहे.

अर्ध्या तासाने इंटरकॉम वाजला. खालच्या मजल्यावरच्या काकू.

"अगं, कुत्र्याला काही लागलंय का? केव्हाचं कण्हतंय बिचारं."

"नाही हो काकू, ते गॅलरीत बसलंय छान."

"मग गं?"

"मी पेटी वाजवतेय."

पलीकडे बराच वेळ शांतता. कुकरची एक शिट्टी ऐकू आली.

"बरं बरं," काकू म्हणाल्या. "म्हणजे आता रोज का?"

गॅलरीच्या जाळीतून नाक बाहेर काढून पिठलं खाली बदामाकडे बघत बसलं होतं, शेपूट फरशीवर टपटप आपटत.

"हो काकू," मी म्हटलं. "रोज दोनदा."